माशांशी बोलतो म्हणून जग हसलं, त्याच ॲक्वामॅननं पश्चिम युरोप बुडवला. काय आहे 'फ्लॅशपॉइंट'ची गोष्ट?

सोलापूर जिल्ह्यातलं दुधनी हे कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं गाव. दख्खनच्या पठारावर, तुरीच्या पट्ट्यात. इथून अरबी समुद्र तीनशेहून जास्त किलोमीटर लांब. पण मोबाईलला रेंज असली की समुद्र काय आणि पठार काय, रील सगळीकडे सारखीच पोहोचते. त्यातल्याच काही रील्समध्ये ॲक्वामॅन दिसतो, पण ओळखू येत नाही. तो सम्राट आहे, पॅरिसवर पाणी चढलंय आणि वंडर वुमन त्याच्या जिवावर उठली आहे.

मग प्रश्न पडतो, हा तर हीरो होता ना? मग खलनायक कधी झाला?

तर झालं असं की, हा ॲक्वामॅन वेगळ्या विश्वातला आहे.

वेगळं विश्व म्हणजे काय?

मराठी वाचकाला हे समजवायला मुंबईचंच उदाहरण पुरेसं आहे. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी 'स्पायडर-मॅन इंडिया' आणला. त्यात न्यूयॉर्कचा पीटर पार्कर नाही, तर गावाकडून मुंबईला शिकायला आलेला पवित्र प्रभाकर आहे. आंट मे ऐवजी माया आत्या आणि अंकल बेन ऐवजी भीम काका. २०२३ मध्ये हाच पवित्र 'ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या सिनेमात दिसला. हा सिनेमा भारतात १० भाषांत आला, त्यात मराठीही होती.

थोडक्यात काय, तर हीरो तोच ठेवायचा आणि भोवतालचं जग बदलायचं. पवित्रच्या बाबतीत शहर बदललं, माणूस चांगलाच राहिला. ॲक्वामॅनच्या बाबतीत मात्र उलटं झालं.

मूळचा ॲक्वामॅन

ॲक्वामॅन पहिल्यांदा छापला गेला १९४१ मध्ये. मॉर्ट वाइसिंगर आणि पॉल नॉरिस यांनी त्याला घडवलं. आज सगळ्यांना माहीत असलेल्या कथेत त्याचे वडील टॉम करी दीपगृहाचे रखवालदार आहेत आणि आई ॲटलॅना अटलांटिसची राणी. म्हणजे अर्धा जमिनीचा, अर्धा पाण्याचा. दोन्हीकडच्या लोकांना जोडणारा दुवा.

पण १९७३ मध्ये 'सुपर फ्रेंड्स' हे कार्टून टीव्हीवर सुरू झालं आणि ॲक्वामॅनचं हसं होत गेलं. सुपरमॅन उडतो, बॅटमॅन गुन्हेगार पकडतो आणि हा काय करतो? तर माशांना हाका मारतो! पुढची कित्येक वर्षं तो विनोदाचाच विषय राहिला.

फ्लॅशपॉइंटमध्ये नेमकं काय घडलं?

२०११ मध्ये लेखक जेफ जॉन्स आणि चित्रकार अँडी क्यूबर्ट यांची 'फ्लॅशपॉइंट' ही पाच अंकांची मालिका आली. वेगानं पळणारा हीरो फ्लॅश, म्हणजेच बॅरी ॲलन, एक दिवस जागा होतो तर त्याचे पाय साध्या माणसासारखे. पण लहानपणी मारली गेलेली त्याची आई जिवंत आहे.

बाकी जग मात्र उलटंपालटं झालंय. बॅटमॅनच्या मुखवट्याआड ब्रूस वेन नाही, त्याचे वडील थॉमस वेन आहेत, कारण इथे त्या गल्लीत गोळी लागून मेला तो लहानगा ब्रूस. सुपरमॅन सरकारी तळघरात हाडांचा सापळा होऊन कैदेत पडलाय.

आणि ॲक्वामॅन? त्यानं पश्चिम युरोप पाण्याखाली घातलाय. तिकडे वंडर वुमनच्या ॲमेझॉन सेनेनं ब्रिटन काबीज केलंय. (ॲमेझॉन म्हणजे शॉपिंगवाली कंपनी नव्हे, ग्रीक कथांमधल्या योद्ध्या स्त्रिया.) या दोघांच्या युद्धात सगळं जग भरडलं जातंय.

हीरोचा सम्राट का झाला?

कारण मोडलेली सोयरीक! अटलांटिस आणि ॲमेझॉन यांच्यात शांतता नांदावी म्हणून ॲक्वामॅन आणि वंडर वुमन यांचं लग्न ठरलं होतं. आपल्याकडच्या राजघराण्यांत व्हायच्या, तशीच राजकीय सोयरीक.

पण दोन्ही घरांत ती नको असलेली माणसं होती. इकडून ॲक्वामॅनचा भाऊ ऑर्म, तिकडून वंडर वुमनची मावशी पेंथेसिलिया. दोघांनी मिळून कट रचला. वंडर वुमनच्या आईचा, राणी हिपॉलिटाचा खून झाला आणि ठपका आला अटलांटिसवर. पुढे वंडर वुमनच्या हातून ॲक्वामॅनची पत्नी मेरा मारली गेली. मग माघार कुणालाच घेता आली नाही. घरातल्यांनी लावलेली आग दोघेही परक्याची समजून लढत राहिले.

२०१३ च्या 'जस्टिस लीग: द फ्लॅशपॉइंट पॅराडॉक्स' या ॲनिमेशनपटात कारण थोडं बदललंय. तिथे ॲक्वामॅन आणि वंडर वुमनचं लपूनछपून प्रेम असतं, मेरा सूड घ्यायला जाते आणि मारली जाते. रील्समधले बरेच सीन याच सिनेमातले असल्यानं कॉमिक वाचणारे आणि सिनेमा पाहणारे कमेंटमध्ये भांडत बसतात. दोघंही बरोबरच असतात.

यातली खरी गंमत म्हणजे ॲक्वामॅनची ताकद कुठेच बदललेली नाही. मूळ कथेतही समुद्र त्याच्याच हुकमतीत होता आणि पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे. माशांशी बोलणारा म्हणून ज्याला हसले, तो इतकी वर्षं शांत होता, एवढंच.

नेमोरचंही असंच झालं

मार्व्हलकडेही समुद्राखालचा राजा आहे, नेमोर. बिल एव्हरेटनं घडवलेला हा हीरो १९३९ मध्ये आला, म्हणजे ॲक्वामॅनच्याही आधी. मूळ कथेत तो अटलांटिसचा मानी राजा. पण मार्व्हलच्या 'अल्टिमेट' विश्वात, २००५ मध्ये सुरू झालेल्या कथेत, फँटास्टिक फोरला तो सापडतो अटलांटिसमधल्या हजारो वर्षं जुन्या बंदिवासात. तिथे तो राजा नाही, गुन्हेगार आहे. २०२२ च्या 'ब्लॅक पँथर: वकांडा फॉरेव्हर' सिनेमात मात्र अटलांटिसच नाही. तिथला नेमोर तालोकानचा राजा आहे आणि त्याची प्रजा म्हणजे स्पॅनिश वसाहतवाद्यांच्या छळातून आणि रोगराईतून वाचायला पाण्यात गेलेले माया लोक.

शेवटी काय झालं?

हे सगळं बिघडलं कुणामुळे, याचं उत्तर बॅरीला मिळतं, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकते. भूतकाळात पळत जाऊन त्यानंच आईला वाचवलं होतं. एका मुलाला आई परत मिळाली आणि कोट्यवधी लोकांचं जग बुडालं. युद्ध थांबवायचं तर आईला पुन्हा गमवावं लागणार होतं. बॅरी तिचा निरोप घेतो आणि धावत सुटतो.

जग सावरतं, पण जसंच्या तसं नाही. त्यातूनच सप्टेंबर २०११ मध्ये डीसीनं 'न्यू ५२' या नावानं ५२ मालिका नव्यानं सुरू केल्या. त्यातल्या 'ॲक्वामॅन'च्या पहिल्याच अंकात तो हॉटेलात जाऊन मासे मागवतो आणि अवतीभवतीचे लोक चाट पडतात. लेखक पुन्हा जेफ जॉन्सच. २०१८ च्या डिसेंबरमध्ये जेसन मोमोआचा सिनेमा आला आणि त्यानं जगभरात १ अब्ज डॉलरहून जास्त कमाई केली. हसणारे गप्प झाले.

थॉमस वेननं मात्र बॅरीच्या हाती एक पत्र दिलेलं असतं, आपल्या विश्वात जगू न शकलेल्या मुलासाठी. बॅरी ते जिवंत ब्रूसला नेऊन देतो. वडिलांचं अक्षर बघून बॅटमॅन रडतो. बुडालेल्या त्या जगातून वर आलेली ती एकच वस्तू.