हेतुपुरस्सर अडवणूक

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, डिस्कवरील वाचन-लेखनाची प्रत्येक मागणी प्रथम रांगेत रुजू होते, मग त्या डिस्कच्या ड्रायव्हरच्या हाती पडते, आणि यंत्राकडून पोच आली की निकालात निघते. परंतु यंत्राची क्षमता भरलेली असली, किंवा ऐन वेळी मेमरीचा तुटवडा पडला, म्हणजे कचेरीतल्या कारकुनाने अर्ज नामंजूर न करता तूर्त माघारी द्यावा, तद्वत ड्रायव्हर ती मागणी परत रांगेकडे पाठवितो. सुस्थितीतल्या यंत्रावर ही वाट क्वचितच तुडविली जाते, आणि क्वचित तुडविली जाते म्हणूनच तिच्यातले खड्डे वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत.

खड्डे तरी कसले? परत आलेली मागणी गहाळ होणे, एकाच मागणीचा निकाल दोनदा लागणे, हे तर आहेच. पण खरी मेख निराळी आहे. थांबलेली रांग पुन्हा हलवायची कोणी? यंत्राकडे दुसरे काम चालू असेल, तर ते संपताच रांग आपोआप जागी होते. तसे काहीच चालू नसेल, तर जागविणारा उरत नाही, सबब कर्नल 3 मिलिसेकंदांनी स्वतःच रांग पुन्हा चालवून पाहतो. हा बंदोबस्त कोठे चुकला, तर प्रोग्रॅम निमूटपणे खोळंबून राहतो, आणि नेहमीच्या मांडणीत 120 सेकंद उलटल्यावर कर्नलच्या नोंदवहीत त्याची तक्रार उमटते.

असा प्रसंग आपणहून ओढवेल, म्हणून वाट पाहत बसणे हे, माझ्या मते, परीक्षणच नव्हे. असे बिघाड मुद्दाम घडवून आणण्याची व्यवस्था अकिनोबु मिता यांनी तयार केली आणि 2007 साली 2.6.20 या आवृत्तीतून ती कर्नलमध्ये दाखल झाली. पुढे येन्स आक्सबो यांनी ‘नल ब्लॉक’ हा ड्रायव्हर लिहिला. त्याच्यामागे खरी डिस्क नसतेच. मागणी आली की ती पुरी झाल्याचे तो सांगून मोकळा होतो. या आज्ञाधारक ड्रायव्हरलाच 2018 साली मिता यांच्या व्यवस्थेच्या आधारे अडवणुकीची विद्या शिकविण्यात आली.

त्याला चार आकडे द्यावयाचे असतात: किती मागण्यांमागे एकदा अडवावे, त्या वेळी शेकडा किती संभव असावा, आरंभी किती मागण्या बिनबोभाट सोडाव्या, आणि एकंदर किती वेळा अडवावे. ‘1000, 100, 0, -1’ असे लिहिले, की दर हजारावी मागणी हमखास अडते, आणि त्याला अखेर नाही. शेकडा एक हे प्रमाण ऐकावयास अल्प वाटते, पण काही चाचण्यांना तेही अतिरेकी ठरते. तेव्हा संभव पुरा शंभर ठेवून अंतरच वाढविणे इष्ट. यातली मला सर्वांत आवडलेली योजना अशी, की ड्रायव्हर आळीपाळीने दोन तऱ्हांनी अडवितो. एका खेपेस तो ‘सामग्री नाही’ असे उत्तर देऊन परतपाठवणीचा भार कर्नलवर टाकतो. पुढच्या खेपेस मागणी स्वतःच रांगेत परत घालतो आणि वर ‘सर्व ठीक’ असे कळवितो. दोन्ही मार्ग कर्नलच्या निरनिराळ्या भागांतून जातात, त्यामुळे एकाच चाचणीत दोहोंची झडती होते.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. नल ब्लॉक एरवी लिहिलेले काहीच जपून ठेवीत नाही. म्हणून माघारी गेलेला मजकूर अखेर जसाच्या तसा पोहोचला की नाही हे ताडून पाहावयाचे असेल, तर तो मेमरीत साठविण्याची आज्ञा त्याला आधी द्यावी लागते.