कागदावर नसलेले पूर्वज

अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी केली जाई. मालकाचं नाव असे. त्याच्या खात्यावरच्या माणसांचं वय, लिंग आणि वर्ण तेवढा नोंदला जाई. त्यांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. साऱ्या कृष्णवर्णीयांची नावं जनगणनेत आली ती १८७० साली. आफ्रिकी वंशाच्या लेखिका पणज्या-खापरपणज्यांना पुन्हा पुन्हा कादंबरीत का आणतात, याचं उत्तर मला त्या गाळलेल्या नावांत दिसतं.

टोनी मॉरिसन यांनी १९८४ च्या एका निबंधात पूर्वजाची उपस्थिती ही कृष्णवर्णीय साहित्याची एक कसोटी मानली. तो पूर्वज मायाळू, शिकवणारा, पाठीशी उभा राहणारा. त्यांच्याच ‘साँग ऑफ सॉलोमन’मध्ये (१९७७) सोन्याच्या मागे निघालेला मिल्कमन व्हर्जिनियातल्या एका खेड्यात पोचतो. पोरं फेर धरून गाणं म्हणत असतात, आणि त्या गाण्यात त्याच्या घराण्याची नावं आहेत. टिपून घ्यायला त्याच्याजवळ पेन्सिल नाही. तो गाणं ऐकून पाठ करतो. आजोबांच्या पिढीकडेही याहून वेगळं साधन नव्हतं.

पॉल मार्शल यांची ‘प्रेझसाँग फॉर द विडो’ (१९८३) मला त्याहून जवळची वाटते. न्यूयॉर्कजवळ सुखवस्तू आयुष्य जगणारी विधवा एव्ही जॉन्सन कॅरिबियन समुद्रात जहाजाच्या सहलीवर आहे. स्वप्नात तिची वारलेली कुनी आत्या-आजी येते, हाताने बोलावते, आणि एव्ही हटून बसल्यावर तिला ओढू लागते. लहानपणी याच आजीने तिला साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर नेऊन सांगितलेलं असतं, की गुलाम म्हणून जहाजातून उतरवलेले आफ्रिकेतले इबो लोक पुढचं सारं ओळखून पाण्यावरून चालत परत गेले. ते बुडाले कसे नाहीत, असं पोरीने विचारताच आजीने उलट विचारलं: येशू पाण्यावरून चालला तेव्हा बुडाला, असं तुझ्या संडे स्कूलच्या पुस्तकात आहे का? पुढे कॅरिआकू बेटावर ढोलाच्या तालावर प्रत्येक ‘नेशन’चे, म्हणजे आफ्रिकेतल्या मूळ समूहाचे, वंशज आपापला नाच नाचतात. एव्हीला आपलं ‘नेशन’ ठाऊक नाही. पण लहानपणी पाहिलेली, जमिनीवरून न उचलता सरकणारी पावलं तिला आठवतात.

पूर्वज नेहमीच असे हात धरणारे नसतात; इथे मॉरिसन यांची व्याख्या मला अपुरी वाटते. गेल जोन्स यांच्या ‘कॉरेगिडोरा’त (१९७५) ब्राझीलमधल्या गुलामगिरीचे कागद जाळले गेले आहेत. म्हणून घरातल्या बायका मुलींना बजावतात: मुलं जन्माला घाला, साक्ष जिवंत ठेवा. केंटकीत ब्लूज गाणाऱ्या अर्साचं गर्भाशयच काढावं लागतं. मग साक्ष द्यायची कशी? शिवाय पणजीवर आणि आजीवर अत्याचार करणारा मालक हाच तिच्या आजीचा आणि आईचाही बाप आहे. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’मध्ये (१९७९) १९७६ मधली डेना गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडच्या मळ्यावर ओढली जाते आणि गोऱ्या मालकाच्या मुलाला, रूफसला, वारंवार वाचवते. तो तिचा पूर्वज आहे. त्याच्याकडून अ‍ॅलिस या कृष्णवर्णीय बाईला मूल झाल्याशिवाय डेनाचा वंश सुरूच होत नाही. स्वतः जगण्यासाठी दुसऱ्या बाईवरचा अत्याचार चालू द्यायचा, हा पेच बटलर जराही सौम्य करत नाहीत.

या पिढीनंतर घानात जन्मलेल्या याआ ग्यासी यांनी ‘होमगोइंग’मध्ये (२०१६) दोन सावत्र बहिणींपासून सात पिढ्या मांडल्या: एकीचा वंश घानात, दुसरीचा अमेरिकेत. आवाका मोठा आहे, पण एकेका माणसाला एकच प्रकरण मिळत असल्याने ओळख होते न होते तोच तो निघून जातो. जेस्मिन वॉर्ड यांच्या ‘सिंग, अनबरीड, सिंग’मधला (२०१७) रिची मात्र मनातून जात नाही. मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगातून पळाल्यावर मेलेला हा पोरगा आपण कसे मेलो हे विचारायला परत येतो.

वाचायला सुरुवात करायची असेल, तर आधी मार्शल घ्या आणि लगेच त्यापाठोपाठ जोन्स. फक्त पहिलीच वाचून थांबलात, तर पूर्वजांची अर्धीच ओळख होईल.