माइनक्राफ्टमध्ये मशाली किती लावाव्यात?

'माइनक्राफ्ट'च्या गुहेत मशाल केवळ वाट दिसावी म्हणून लावली जात नाही. पुरेसा उजेड असेल तेथे झॉम्बी आणि सांगाडे उपजत नाहीत, हे तिचे खरे महत्त्व. एक कोळसा व एक काठी यांतून 4 मशाली होतात आणि त्या विझतही नाहीत. मशालीचा उजेड 14. दर ठोकळ्यामागे तो 1 ने घटतो. पूर्वी तो 7 वर आला तरी धोका असे. नोव्हेंबर 2021 मधील 1.18 आवृत्तीपासून मात्र तो शून्य झाला तरच राक्षस येतात. त्यामुळे जुन्या सल्ल्यानुसार दाटीने मशाली रोवणे म्हणजे कोळशाची निव्वळ उधळपट्टी. शेताचे गणित निराळे: रात्रीही गहू वाढायचा तर उजेड किमान 9 हवा, तेथे काटकसर नको. पाण्यात मशाल टिकत नाही. तेथे सागरी कंदीलच लावावा.