एकच ध, पण घरं दोन!

आजचा भाग ऐकताना फोनवर टोन जनरेटरचं एखादं ॲप उघडून ठेवा. आज आपण चक्क आकडे ऐकणार आहोत.

समजा, आपला सा २४० हर्ट्झचा. त्याची दीडपट ३६०, हा प. सव्वापट ३००, हा ग. सा-ग-प एकत्र वाजवले की ४:५:६ हे गुणोत्तर मिळतं आणि कॉर्ड एकदम स्थिर, स्वच्छ लागते. अशा साध्या पूर्णांकी गुणोत्तरांनी स्वर लावणं म्हणजे जस्ट इंटोनेशन.

आता सगळे स्वर मांडायचे कसे? एका ओळीत नको, जाळीत मांडूया. उजवीकडे एक घर सरकलं की दीडपट, वर एक घर चढलं की सव्वापट. स्वर सप्तकाबाहेर गेला, तर निम्मा किंवा दुप्पट करून आत आणायचा. गणितज्ञ ऑयलरने १७३९ साली अशीच जाळी छापली होती.

खालच्या ओळीत येतात म, सा, प, रे. त्यांच्या डोक्यावर ध, ग, नि. प्रत्येक मेजर कॉर्ड म्हणजे एक त्रिकोण: शेजारशेजारची दोन घरं आणि डाव्या घराच्या वरचं तिसरं. म-ध-सा, सा-ग-प, प-नि-रे. फक्त तीन त्रिकोण, आणि सातही शुद्ध स्वर हजर!

पण गंमत पुढे आहे. म आहे ३२०. त्याची सव्वापट ४००, हा झाला ध. रे आहे २७०. त्याची दीडपट ४०५, हाही धच! दोघांची घरं वेगळी. ४०० आणि ४०५ एकत्र वाजवा. सेकंदाला पाच हेलकावे ऐकू येतील.

कीबोर्डवर मात्र ध ची पट्टी एकच. ४०० लावला तर रे-ध ही जोडी बिघडते, ४०५ लावला तर म-ध. म्हणून सप्तकाचे बारा समान भाग केले गेले. त्यात ध येतो ४०३.६ वर. ना इकडचा, ना तिकडचा. पण कुठल्याही पट्टीत चालतो.

तानपुऱ्यावर गाणाऱ्याला ही तडजोड करावी लागत नाही. सा ठरलेला असतो, कॉर्ड बदलत नाहीत, आणि गळ्याला पट्ट्या नसतात. रागाला हवा तो ध घ्यायची मोकळीक असते.

तर ४००, ४०५ आणि ४०३.६, तिन्ही वेगवेगळे ३२० सोबत वाजवून बघा. कोणता जास्त शांत वाटला, कॉमेंटमध्ये नक्की सांगा!