आधीच बिघडलेल्या नदीचे मोजमाप

चंबळच्या पात्रातील वाळू उपशाचा वन्यजीवांवर काय परिणाम होतो हे ठरवताना पहिली अडचण अशी येते की, उपसा वाढण्यापूर्वीची चंबळही मूळची चंबळ राहिली नव्हती. १९६० मध्ये गांधीसागर धरण व कोट्याचा बंधारा आणि पुढे राणा प्रताप सागर व जवाहर सागर ही धरणे झाल्यामुळे खालच्या पात्रातील पाण्याचा आणि गाळाचा ओघ आधीच बदलला होता. ज्या स्थितीशी तुलना करून नुकसान मोजायचे तिला आधारस्थिती म्हणतात, आणि ही खालावलेली नदीच आधारस्थिती धरली, तर येथे बिघडण्यासारखे फारसे उरलेलेच नाही, असा सोयीचा निष्कर्ष निघतो. तो साफ चुकीचा आहे, कारण जगातील सर्वाधिक सुसरी याच उरल्यासुरल्या पात्रात राहतात आणि अन्यत्र जागा संपल्यामुळे येथील एकेका वाळूतटाचे मोल वाढलेले आहे.

सुसरीची मादी मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी पाण्यालगतच्या उंच वाळूतटावर चढते, ठिकठिकाणी उकरून पाहते आणि जागा पसंत पडली की सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात ३० ते ५० अंडी घालते. पिल्ले पूर येण्याआधी, जूनच्या सुमारास बाहेर पडतात. नेमक्या याच कोरड्या महिन्यांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या पात्रात सहज उतरतात, घरटी चिरडली जातात आणि तटाचा उतारही मोडतो. पाणचिरा हा पक्षी सखल वाळूबेटांवर अंडी घालतो, आणि बेट व काठ यांमधले पाणी आटले की कुत्री-कोल्ही चालत घरट्यांपर्यंत पोहोचतात. पण ते पाणी उपशाने आटले की वरून कमी सोडल्याने, हे नुसत्या पाहणीतून कळत नाही.

त्यासाठी उपसा होणारा आणि न होणारा असे दोन पट्टे निवडून दोन्हींची पाहणी उपशाच्या आधी व नंतर करतात. मात्र दोन्ही पट्टे धरणांनी सारखेच बाधित असले पाहिजेत. एक पट्टा कालीसिंध आणि पार्वती यांच्या संगमांच्या वर आणि दुसरा खाली घेतला, तर या उपनद्यांचे पाणी व वाळू हिशेबात मिसळून तुलना फोल ठरते. चंबळच्या पात्रातील अभयारण्यात उपशाला बंदी असूनही तो चोरून चालतो, त्यामुळे खरोखर अस्पर्शित पट्टा सापडणेच कठीण असते. वरची वाळू धरणांमागे अडकत असल्याने उपसलेली वाळू किती भरून येईल हेही आधी मोजावे लागते.

हिवाळ्यात ऊन खात पडलेल्या सुसरींची गणना सोपी असली, तरी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण सुसर दीर्घायुषी आहे आणि घरटी नष्ट होत असतानाही प्रौढांची संख्या कितीतरी वर्षे स्थिर दिसते. म्हणून दर उन्हाळ्यात प्रत्येक तटावर किती घरटी झाली आणि त्यांतील किती घरट्यांतून पिल्ले बाहेर पडली, याची नोंद उपशाच्या परवानगीपूर्वीच अनेक वर्षांची असायला हवी.