उकिरड्याच्या टेकडीवर पिकनिक

शम्म अल्-नसीम हा इजिप्तचा वसंताचा सण. कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी तो येतो आणि मुसलमान असोत की ख्रिस्ती, सगळे घराबाहेर पडतात. सोबत रंगवलेली अंडी, कांद्याची पात आणि खारवून मुरवलेला फसीख मासा. कैरोत त्या दिवशी अल्-अझहर पार्क माणसांनी फुलून जातं. लखलखीत ऊन, गवतावर अंथरलेल्या चादरी, कारंज्यांत हात भिजवणारी मुलं, दूरवर किल्ला आणि मुहंमद अलीच्या मशिदीचे मिनार.

ही सगळी मंडळी बसलेली असतात ती शतकानुशतकांच्या उकिरड्यावर!

जुन्या कैरोच्या पूर्वेला अल्-दर्रासा नावाची टेकडी आहे. सुमारे पाचशे वर्षं शहराचा केरकचरा, पडक्या घरांचं डबर इथे येऊन पडत राहिलं आणि त्याचीच टेकडी झाली. १९८४ साली इस्माइली पंथाचे तेव्हाचे धर्मगुरू आगा खान चौथे यांनी कैरोला एक उद्यान भेट द्यायचं ठरवलं, तेव्हा या दाटीवाटीच्या शहरात माणशी जेमतेम पाऊल टेकेल एवढीच हिरवळ उरली होती. शहराच्या मध्याजवळ तीस हेक्टरांची मोकळी जागा मिळाली, ती हीच.

पण झाडं लावणार कशात? डबरातल्या मातीत मीठ फार. खारट मातीत पाणी असूनही मुळांना ते ओढून घेता येत नाही. भर ओलाव्यात झाड तहानेनं मरतं. शिवाय ढिगाऱ्याची जमीन भुसभुशीत, कधी कुठे खचेल याचा नेम नाही. त्यात याच जागेच्या पोटात शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तीन प्रचंड टाक्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ८० मीटर, खोली १४ मीटर, म्हणजे चार मजली इमारत आत उभी राहील! त्या सांभाळून १५ लाख घनमीटर माती आणि डबर हलवलं गेलं, ऐंशी हजारांहून अधिक ट्रक भरतील इतकं. वर वाळू मिसळलेली चांगली माती पसरली. रोपं खास रोपवाटिकांत वाढवली. पश्चिमेच्या कोरड्या उतारावर कमी पाण्यावर तगणारी मांसल पानांची झाडं आणि सपाटीवर गर्द सावली, हिरवळ, पाण्याचे पाट अशी वाटणी केली. उद्यान लोकांसाठी उघडलं ते २००५ साली. मुंबईत माहीमच्या निसर्ग उद्यानाखालीही असंच जुनं डंपिंग ग्राउंड आहे, हे ठाऊक असलेल्याला या खटपटीचं मोल लगेच कळेल.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटते ती पश्चिमेच्या उताराखाली सापडलेली भिंत. सलाहुद्दीन अय्यूबीनं बाराव्या शतकात बांधायला घेतलेली कैरोची तटबंदी! पुढे शहर तटाबाहेर वाढलं, तटाचं काम संपलं आणि कचरा चढत चढत त्याच्या माथ्यापर्यंत पोचला. उद्यानासाठी खोदताना सुमारे दीड किलोमीटर तट बाहेर आला. बुरूज, आतले जिने, बाण मारायच्या जंग्या, सगळं जागेवर. उघड्यावर पडलेल्या जुन्या बांधकामाचे दगड लोक नव्या घरांसाठी उचलून नेतात. इथे कचऱ्यानंच ते राखले. खुद्द या तटाच्या बांधकामातही फारोंच्या काळातले, चित्रलिपी कोरलेले दगड सापडले आहेत. म्हणजे सलाहुद्दीनच्या गवंड्यांनीही आधीच्यांचे दगड उचललेच होते.

तटाच्या आतल्या बाजूला दर्ब अल्-अहमर ही जुनी, गरीब वस्ती. तिथली काही घरं थेट तटाला टेकून उभी होती. एवढं देखणं उद्यान शेजारी झालं की अशी वस्ती हटवावी, असं कुणाच्याही मनात येतं. इथे उलट घडलं. वस्तीतली घरं दुरुस्त केली, मशिदी सावरल्या आणि तिथल्याच तरुणांना सुतारकाम, दगडकाम शिकवून त्या कामाला लावलं. आज उद्यानातून उतारावरून खाली पाहिलं की तटापलीकडे त्याच घरांच्या गच्च्या दिसतात, वाळत घातलेल्या कपड्यांसकट.