अनियततापी प्राण्यांतील तंत्रिका-क्रिया व तापमान

ज्या प्राण्यांच्या शरीराचे तापमान परिसराच्या तापमानाप्रमाणे बदलते, त्यांना अनियततापी प्राणी म्हणतात. ‘शीतरक्ती’ हे रूढ नाव फसवे आहे. उन्हात पडलेल्या सरड्याचे रक्त मुळीच थंड नसते. या प्राण्यांच्या तंत्रिका कोशिकांना स्थिर तापमानाचा आसरा नसल्याने भोवतालच्या चढउतारांचा त्यांच्या कार्यावर सरळ परिणाम होतो.

हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५० मध्ये बेडकाच्या तंत्रिकेतील आवेगाचा वेग मोजला. तो सेकंदाला सु. २७ मी. भरला. तंत्रिका थंड केल्यास हा वेग घटतो, असेही त्यांना आढळले. यावरून ऊब जितकी अधिक तितके तंत्रिकांचे कार्य चांगले, असे अनुमान काढले जाते. ते अर्धेच खरे आहे. कोशिकेच्या पटलातील मार्गिका उघडून सोडियम आयन आत शिरले म्हणजे आवेग निर्माण होतो. त्या मार्गिका बंद होऊन पोटॅशियम आयन बाहेर पडले म्हणजे तो शमतो. तापमान १०° से. ने वाढल्यास खुल्या मार्गिकेतून होणारे आयनांचे वहन सु. दीडपटच होते, मार्गिकांची उघडझाप मात्र सु. तिप्पट वेगाने होते. त्यामुळे उष्णतेत शमनक्रिया उद्दीपनाला गाठते आणि आवेग अल्पकालिक व दुबळा होतो. ए. एल. हॉजकिन व बी. कात्स यांच्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्क्विडच्या (माकुलाच्या) महाकाय अक्षतंतूमधील आवेग ३५° ते ४०° से. च्या दरम्यान थांबला. तंतू थंड करताच तो पूर्ववत सुरू झाला.

थंडीत अडचण उलट असते : मार्गिका मंदावतात व आवेग लांबतो. अंटार्क्टिक ऑक्टोपसाच्या पोटॅशियम मार्गिकेचा जीन उष्ण कटिबंधातील ऑक्टोपसाच्या जीनाशी जवळजवळ जुळतो. परंतु जीनाच्या आरएनए प्रतीत कोशिका स्वतःच फेरफार करते व त्यामुळे मार्गिका लवकर बंद होते, हे २०१२ मध्ये दिसून आले.

अनेक कोशिकांनी मिळून करावयाच्या कामात प्रश्न अधिक बिकट होतो, कारण प्रत्येकीचा वेग निराळ्या प्रमाणात वाढला तर क्रम बिघडेल. उत्तर अटलांटिकमधील जोना खेकड्याच्या जठराची हालचाल सु. ३० कोशिकांची एक गुच्छिका चालविते. तापमान ७° वरून २३° से. पर्यंत नेले असता तिच्या एका तालाची गती सु. चौपट होते, तरीही कोशिकांच्या पाळ्यांचे परस्परप्रमाण टिकून राहते (२०१०). याहून अधिक उष्णतेत ताल विस्कटतो व थंडाव्याने परततो. हा ताल कोणत्या तापमानाला विस्कटेल, हे खेकडा आधीचे काही आठवडे किती उबदार पाण्यात राहिला होता, यावरही अवलंबून असते.